ताण उतरण्याची वेळ

कार्यालयातील ताणतणावांवर कार्यशाळा घेतली की पहिल्या अर्ध्या तासातच एक प्रश्न हमखास विचारला जातो: ताण बायकांना जास्त असतो की पुरुषांना? एका सरकारी बँकेच्या मनुष्यबळ विभागात असताना मुंबईतल्या शाखांमधील कर्मचाऱ्यांसाठी अशा कार्यशाळा भरवणे हा माझ्या कामाचा भाग होता, आणि हा प्रश्न निघाला की सभागृहाच्या आपोआप दोन बाजू पडतात, हे मी वारंवार पाहिले. एकीकडून ‘घर आणि नोकरी दोन्ही आम्हीच ओढतो’ असा सूर निघे, तर दुसरीकडून ‘तुम्ही निदान बोलू तरी शकता, आम्ही कुणापुढे बोलायचे?’ असा. दोन्ही बाजू मनापासून बोलत आणि दोन्ही खरे बोलत. मला मात्र तो प्रश्नच अपुरा वाटत आला आहे. एकाच शाखेत, एकाच टार्गेटखाली, एकाच शाखाधिकाऱ्याच्या नजरेसमोर बसलेल्या दोन माणसांच्या वाट्याला दिवसभरात येणारा ताण पुष्कळदा सारखाच असतो. वेगळे असते ते त्या ताणाचे पुढे काय होते हे. तो कधी उतरतो, कुठे उतरतो आणि तो उतरवण्याची मुभा कोणाला आहे, या बाबतीत स्त्री आणि पुरुष यांच्यात जे अंतर पडते, त्याविषयी मला लिहायचे आहे.

आकडेवारीचा आधार घेऊन हा वाद मिटवता येईल असे अनेकांना वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार स्त्रियांमध्ये नैराश्याचे प्रमाण पुरुषांच्या सुमारे दीडपट आहे. पण बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मानसिक विकारांचे एकूण प्रमाण पुरुषांमध्ये १३.९ टक्के आणि स्त्रियांमध्ये ७.५ टक्के आढळले. चित्र असे उलटे दिसण्याचे मोठे कारण म्हणजे त्या मोजणीत दारू आणि इतर व्यसनांचे विकार धरलेले होते, आणि त्यांत पुरुषांची संख्या फार मोठी होती. नैराश्य आणि चिंता यांचे विकार तिथेही स्त्रियांमध्येच अधिक आढळले. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली आणि त्यांत सुमारे ७२ टक्के पुरुष होते. आत्महत्येमागे नोकरी हे एकमेव कारण क्वचितच असते, हे इथे आवर्जून सांगायला हवे. तरीही हे सगळे आकडे शेजारी शेजारी ठेवले की एवढे स्पष्ट दिसते की स्त्रीचा ताण थकवा, डोकेदुखी, न लागणारी झोप आणि अवेळी येणारे रडू या वाटांनी उशिरा का होईना डॉक्टरांपर्यंत पोहोचतो, आणि पुरुषाचा ताण डॉक्टरांपर्यंत पोहोचण्याआधी दुसऱ्याच कुठल्यातरी दाराशी जाऊन थांबतो.

या विषयावर मी जे वाचले त्यात १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश अभ्यासाचा परिणाम माझ्यावर सर्वांत खोल झाला. मारिआने फ्रांकेनहॉयझर या मानसशास्त्रज्ञ बाई आणि त्यांचे सहकारी यांनी व्होल्वो कंपनीतील स्त्री आणि पुरुष व्यवस्थापकांच्या शरीरातील ताणाची संप्रेरके केवळ कामाच्या वेळेत न मोजता संध्याकाळी घरी गेल्यानंतरही मोजली. दिवसभर दोघांचेही शरीर कामाला सारखेच जुंपलेले होते. फरक दिसला तो कामाची वेळ संपल्यानंतर. पुरुष व्यवस्थापकांच्या नॉरॲड्रेनलिन या ताणाच्या संप्रेरकाची पातळी संध्याकाळी झपाट्याने खाली आली, आणि स्त्री व्यवस्थापकांची मात्र खाली येण्याऐवजी आणखी वर चढली. स्वीडनसारख्या देशात, जिथे समानतेचा विचार सरकारी धोरणांत इतरांपेक्षा कितीतरी आधी आला, तिथली ही गोष्ट आहे. ताण शरीरात येणे ही काही वाईट गोष्ट नाही; त्याच्याच बळावर माणूस मार्चअखेरचे काम निभावतो, गर्दीतून गाडी पकडतो, चुकलेला हिशेब शोधून काढतो. घात होतो तो शरीर खाली उतरायचे विसरते तेव्हा. रक्तदाब, झोप, पचन, मासिक पाळी, हृदय या सगळ्यांना दिवसाकाठी काही तास निर्धास्तपणा लागतो, आणि तो ज्याला रोज मिळत नाही त्याच्या शरीरात वर्षानुवर्षे थकबाकी साचत जाते.

हा अभ्यास मुंबईत आणून ठेवला तर काय दिसेल, याचा अंदाज बांधायला प्रयोगशाळेची गरज नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातले बिनपगारी काम करणाऱ्यांपैकी स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात आणि पुरुष ८८ मिनिटे. ही देशाची सरासरी आहे आणि तिच्यात नोकरी न करणाऱ्या स्त्रियाही आल्या. पण पावणेपाच तास आणि दीड तास यांच्यामधले अंतर केवळ नोकरी मिळाल्याने भरून निघत नाही, हे कल्याण, विरार किंवा पनवेलहून येणाऱ्या कोणत्याही बाईला माहीत आहे. शिवाय मिनिटांत न मोजता येणारे एक काम आहे, आणि माझ्या मते सर्वांत जास्त थकवणारे तेच आहे. गॅस कधी संपेल, सासूबाईंची रक्ततपासणी कोणत्या वारी, मुलाच्या प्रकल्पाचा तक्ता आणायचा राहिला का, उद्या भाजी कोणती, बाई उद्या खाडा करणार असे म्हणाल्या होत्या का, ही यादी काउंटरवर नोटा मोजत असतानाही मनात चालूच असते. घरातला पुरुष मदत करतो तेव्हाही ‘काय आणू?’ असे विचारतो; म्हणजे आणणे त्याच्याकडे आणि लक्षात ठेवणे तिच्याकडे. लक्षात ठेवण्याची ही जबाबदारी जोपर्यंत वाटली जात नाही तोपर्यंत कामाची वाटणी झाली असे मी मानत नाही.

या शहरात ताण उतरण्याची एक जागा लोकांनी स्वतःच शोधून काढली, ती लोकलमध्ये. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी पहिली लेडीज स्पेशल धावली, आणि तिच्याआधीही बायकांचे डबे होतेच. त्या डब्यांतल्या भिश्या, हळदीकुंकू, एकमेकींच्या मुलांची लग्ने जुळवणे, मटार सोलणे याविषयी इतके लिहिले गेले आहे की त्यात भर घालण्याची गरज नाही. मला त्यातली एवढीच बाब महत्त्वाची वाटते की साहेब मागे राहिलेले असतात आणि घर अजून आलेले नसते, अशा त्या तासाभरात तिच्याकडे कोणी काही मागत नाही. पुरुषांच्या डब्यांतही भजनी मंडळे होती आणि आहेत. टाळ घेऊन, डब्याच्या पत्र्यावर ठेका धरून वर्षानुवर्षे एकत्र भजन म्हणणारी माणसे मी पाहिली आहेत. त्या मंडळांनी पुष्कळांना तारले असेल, यात मला शंका नाही. पण त्यांतल्याच एका गृहस्थांची नोकरी गेली तेव्हा ते कित्येक आठवडे त्याच गाडीने, त्याच डब्यात, त्याच वेळी येत राहिले आणि शेजारी बसून भजन म्हणणाऱ्यांपैकी कोणालाही त्याचा पत्ता लागला नाही. बायकांच्या डब्यात असे घडले नसते असे मी ठामपणे म्हणू शकते, कारण तिथे तिसऱ्या दिवशी कोणीतरी ‘काय गं, चेहरा का उतरलाय?’ असे विचारलेच असते.

मुंबईच्या लोकल प्रवासाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. या उपनगरी मार्गांवर २०२३ साली अडीच हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि तो आकडा कोणत्याही आठवणींनी हलका होत नाही. मुद्दा एवढाच की २०२० मध्ये घरून काम सुरू झाले तेव्हा प्रवासाचे दोन-तीन तास वाचले म्हणून पुष्कळांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि काही महिन्यांतच आमच्याकडे येणाऱ्या बायकांच्या तक्रारींचा सूर बदलला. वाचलेले तास त्यांच्या हाती आलेच नाहीत; ते घराने परस्पर घेतले. कुकरची शिट्टी आणि व्हिडिओ कॉल एकाच खोलीत आले, आणि दोन्हीकडच्या अपेक्षा दिवसभर एकाच वेळी उभ्या राहिल्या. वन-रूम-किचनमध्ये राहणाऱ्या कुटुंबांत तर दाराआडची जागा कोणाला द्यायची हा प्रश्न आला, आणि ती बहुतेक घरांत नवऱ्याला मिळाली, कारण त्याची मीटिंग महत्त्वाची होती. तिने स्वयंपाकघराच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवला.

ताणाच्या अभ्यासात आणखी एक धागा आहे, तो म्हणजे कामावरच्या ताब्याचा. रॉबर्ट करासेक या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९७९ साली मांडले की माणसाला केवळ कामाचा बोजा आजारी पाडत नाही; बोजा जास्त आणि काम कसे करायचे हे ठरवण्याची मुभा कमी, अशी जोडी जमली की तो अधिक धोक्यात येतो. लंडनमधील सरकारी नोकरांवर झालेले व्हाइटहॉल अभ्यास याला पूरक ठरले. १९६७ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या अभ्यासात फक्त पुरुष होते; १९८५ पासूनच्या दुसऱ्यात १०,३०८ स्त्री-पुरुष घेतले गेले. मोठ्या साहेबांनाच हृदयविकार होतात ही समजूत त्यांनी खोटी पाडली. जितका हुद्दा खालचा, तितका आजाराचा धोका अधिक, असे दिसून आले, आणि कामावर ताबा नसणे हे त्याच्या कारणांपैकी एक ठरले. आमच्या शाखांमध्ये हे मला रोज दिसत असे. समोर रांग असताना रोखपालाला स्वच्छतागृहात जायलाही कॅश बंद करावी लागते. संध्याकाळी रोकड जुळली नाही तर जुळेपर्यंत थांबावे लागते. सर्व्हर मंद चालला तर त्याबद्दलचे बोल तिलाच ऐकावे लागतात, आणि यातले काहीही बदलण्याचा अधिकार तिच्याकडे नसतो. शाखाधिकाऱ्यावरचा दबाव त्याहून मोठा असतो, परंतु चहाला केव्हा उठायचे हे निदान तो स्वतः ठरवतो.

मग बायका काउंटरवरच का राहतात, असे विचारले जाते. त्याचे उत्तर बढतीच्या नियमांत आहे. बँकेत बढती म्हणजे बदली. अधिकारी झालात की परगावी, बहुधा परराज्यात जाण्याची तयारी ठेवावी लागते. हुशार, हिशेबात पक्क्या, शाखेतला प्रत्येक खातेदार नावाने ओळखणाऱ्या कितीतरी बायकांनी बढतीच्या परीक्षेचा अर्जच भरला नाही, कारण मुलीची दहावी होती, सासरे अंथरुणाला खिळलेले होते किंवा नवऱ्याने ‘तू बघ, तुझा निर्णय’ असे अशा सुरात म्हटले होते की निर्णय आधीच झालेला होता. पुढची वीस वर्षे आपल्याहून कमी जाणणाऱ्या साहेबाच्या हाताखाली काम करताना त्यांच्या मनात जे साचत गेले, त्याला कोणत्याही आरोग्य तपासणी शिबिरात मोजमाप नाही. २०१४ साली केंद्र सरकारच्या वित्तीय सेवा विभागाने सरकारी बँकांना सांगितले की विवाहित महिला कर्मचाऱ्यांना शक्यतो पतीच्या गावी आणि अविवाहितांना आईवडिलांच्या गावी नेमावे. त्यामुळे पुष्कळींची सोय झाली आणि ती आवश्यकच होती. तरी त्या सूचनेमागचा विचार मला खटकतो. तिने कुठे असावे हे तिचा नवरा किंवा वडील कुठे आहेत त्यावरून ठरते, आणि ज्याची बायको मुंबईत नोकरी करते अशा पुरुषाने परगावी जावे यात कोणालाच काही वावगे वाटत नाही.

कारण तो जातोच. तो बढती नाकारू शकत नाही. नाकारली तर नातेवाईक, सहकारी आणि तो स्वतः असे सगळेच त्याला कमी लेखतात. मग पूर्वेकडच्या एखाद्या राज्यातल्या तालुक्याच्या गावी भाड्याची एक खोली, हॉटेलचे तेलकट जेवण, न कळणारी भाषा, थकीत कर्जांच्या वसुलीचा दबाव, आणि रात्री मुंबईला फोन केला की ‘सगळं ठीक आहे’ एवढेच बोलणे, असा त्याचा दिनक्रम होतो. कुटुंब जवळ नसल्याने संध्याकाळी त्याला घरकाम नसते हे खरे, आणि स्वीडिश अभ्यासातल्या पुरुषांप्रमाणे त्याचे शरीर शांत व्हायला हरकत नसावी. पण त्या पुरुषांना घरी जाऊन शांत होता येत होते, कारण घरी कोणीतरी होते. बदलीवरून परत आलेल्या अधिकाऱ्यांच्या वैद्यकीय कागदपत्रांत मधुमेह आणि रक्तदाब यांची नोंद मला सवयीची झाली होती. त्यांच्यापैकी कोणी ‘मला तिथे सहन होत नव्हते’ असे माझ्यासमोर बसून म्हटल्याचे आठवत नाही. ते म्हणत, ‘मॅडम, तिथलं हवामान मानवत नव्हतं.’

भावनांनाही नोकरीत राबावे लागते, हा विचार आर्ली हॉक्शिल्ड या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली मांडला. त्यांनी दोन व्यवसायांतली माणसे अभ्यासली: हवाई सुंदरी आणि थकबाकी वसूल करणारे. पहिल्यांना वाटते त्याहून अधिक आपुलकी दाखवावी लागते, तर दुसऱ्यांना मनात येणारी सहानुभूती दाबून कठोर व्हावे लागते. पहिल्या कामात मुख्यत्वे बायका आणि दुसऱ्यात मुख्यत्वे पुरुष असतात, हे आपल्याकडेही लागू आहे. हवाई सुंदरीच्या हसण्यामागे नोकरीच्या कोणत्या अटी उभ्या असू शकतात, हे मुंबईने जवळून पाहिले आहे. पहिल्या गरोदरपणाबरोबर नोकरी संपवण्याचा एअर इंडियाचा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली नर्गेश मिर्झा या हवाई सुंदरीच्या खटल्यात रद्द केला. पहिली चार वर्षे लग्न न करण्याची अट मात्र त्याच निकालात कायम राहिली. बँकेच्या काउंटरवर हीच मागणी सौम्य रूपात असते. ग्राहक ओरडला तरी तिने शांत राहावे, पुरुष सहकाऱ्याने आवाज चढवला तर ‘तो जरा तापट आहे’ आणि तिने चढवला तर ‘मॅडमचं काहीतरी बिनसलंय’, असे समजले जाते. चिडलेला ग्राहक आवरायला नेहमी तिलाच पुढे पाठवले जाते आणि हे काम कोणाच्याही वार्षिक मूल्यमापनात धरले जात नाही.

वसुलीला जाणाऱ्या पुरुषांविषयी मात्र फार कमी बोलले जाते. आमचे एक सहकारी वसुली विभागात होते. धंदा बुडालेल्या माणसाच्या दारात उभे राहायचे, आत त्याची मुले अभ्यास करत असताना हप्त्याची भाषा करायची, शेजारी गॅलरीत गोळा झाले तरी आवाज खाली आणायचा नाही, हे त्यांचे रोजचे काम होते. ते मुळात मृदू स्वभावाचे होते. कठोर होण्यासाठी पुरुषाला काही प्रयास पडत नाहीत असे गृहीत धरून त्यांना तिथे ठेवले गेले आणि वर्षानुवर्षे तिथून हलवले गेले नाही. त्यांच्या पत्नी एकदा भेटल्या तेव्हा म्हणाल्या, ‘हे घरी येतात आणि दोन तास कुणाशी बोलत नाहीत, मुलं आता विचारायचंही सोडून देतात.’ दिवसभर मन बंद ठेवणाऱ्याला ते घराच्या उंबरठ्यावर उघडता येत नाही, आणि त्याची किंमत पुन्हा घरातल्या बाईलाच द्यावी लागते. स्त्री आणि पुरुष यांच्या ताणाचे हिशेब स्वतंत्र मांडता येत नाहीत ते याच कारणाने.

शरीराचा मुद्दा मी थोडक्यात मांडते, पण तो महत्त्वाचा आहे. शेली टेलर या मानसशास्त्रज्ञ बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली दाखवून दिले की ताणाला शरीर कसा प्रतिसाद देते यावरच्या प्रयोगांत १९९५ पूर्वी सहभागी झालेल्यांपैकी स्त्रिया सुमारे १७ टक्केच होत्या. म्हणजे ताणाचे शास्त्रच मुख्यत्वे पुरुषांच्या शरीरावरून लिहिले गेले. आपल्याकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, पुरुषांत तो २५ टक्के होता. दुपारी तीननंतर डोळ्यांपुढे अंधारी येणाऱ्या बाईला ध्यानधारणा शिकवण्याआधी तिचे हिमोग्लोबिन तपासावे, असा माझा आग्रह असे. पंचेचाळिशी-पन्नाशीतल्या बायकांना रजोनिवृत्तीच्या काळात जो त्रास होतो, तो तर कार्यालयात उच्चारलाही जात नाही, आणि नेमकी हीच वर्षे बढतीची असतात.

कायद्याच्या बाबतीत या शहराचा इतिहास अभिमान वाटावा असा आहे. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात कारखान्यांतील स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. आईला प्रसूतीच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि म्हणून तिचा भार मोठ्या प्रमाणावर सरकारने उचलायला हवा, असे त्यांनी सांगितले. स्त्रियांच्या श्रमातून लाभ घेणाऱ्या मालकालाही त्यांनी त्यातून मोकळे सोडले नाही. १९२९ साली मुंबई प्रांताने तो कायदा केला. पुढे १९६१ चा देशव्यापी कायदा आला, आणि २०१७ च्या दुरुस्तीने रजा २६ आठवड्यांची झाली, पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचे झाले. पण कर्मचारी राज्य विमा योजनेबाहेरच्या आस्थापनांत या रजेचा संपूर्ण खर्च मालकावर आहे. त्यामुळे मुलाखतीला आलेल्या नवविवाहित मुलीकडे काही मालक कोणत्या नजरेने पाहतात, ते मी त्यांच्याच तोंडून ऐकले आहे. आणि बापासाठी खासगी क्षेत्रात कायद्याने एक दिवसही नाही. सरकारी बँकांत १५ दिवस आहेत, तेही घ्यायला पुष्कळजण संकोचतात. २६ आठवडे आणि शून्य, असे जोवर लिहिलेले आहे तोवर मूल ही आईचीच बाब आहे असे कायदाच कार्यालयाला सांगत राहणार. आईच्या रजेतून काही न काढता बापासाठी वेगळी, न घेतल्यास वाया जाणारी रजा ठेवली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आपल्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात कामामुळे येणाऱ्या संपूर्ण थकव्याचा, म्हणजे ‘बर्नआउट’चा, समावेश केला तेव्हा त्याला आजार न म्हणता कामाशी निगडित घटना म्हटले, आणि ज्याचे नीट व्यवस्थापन झाले नाही अशा कामाच्या ठिकाणच्या दीर्घ ताणातून तो येतो असे स्पष्ट केले. ही भूमिका आपल्या कार्यालयांपर्यंत फारशी पोहोचलेली नाही. महिला दिनाला योगासनांचा वर्ग, वर्षातून एकदा रक्तदाब तपासणी, भिंतीवर मदत क्रमांकाचा कागद, एवढ्यावर कल्याण संपते. मदत क्रमांक मी कमी लेखत नाही. सरकारची १४४१६ ही टेलिमानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे आणि तिच्यावर मराठीतही बोलता येते. परंतु या सगळ्या उपायांत दुरुस्ती माणसाची होते, कामाच्या मांडणीला कोणी हात लावत नाही.

मांडणीला हात लावल्यावर काय होते, हे मी उपनगरातल्या एका शाखेत पाहिले. तिथे नव्याने आलेल्या शाखाधिकाऱ्यांचे वडील आजारी होते आणि संध्याकाळी त्यांच्याजवळ बसणे त्यांना भाग होते. त्यांनी रोकड बंद करण्यासाठी उशिरा थांबण्याच्या पाळ्या महिनाभर आधी लावून फलकावर लावल्या, शाखेतली आढावा बैठक संध्याकाळऐवजी सकाळी अकराच्या आत घ्यायला सुरुवात केली, आणि चिडलेल्या ग्राहकांशी बोलण्याचे काम आळीपाळीने सर्वांकडे दिले. काम कमी झाले नाही, टार्गेटही तेच राहिले. तरी आज मी किती वाजता सुटणार, हे प्रत्येकाला सकाळी ठाऊक असे. रोखपाल बाईंनी मुलीच्या शिकवणीची वेळ त्यानुसार बदलून घेतली. एका तरुण अधिकाऱ्याने दर बुधवारी बाळाला सांभाळायला आणि बायकोला झोपू द्यायला मी लवकर जाणार असे सर्वांसमोर सांगितले, आणि साहेब स्वतःच वडिलांसाठी निघत असल्याने त्याला कोणी हसले नाही. स्त्रियांसाठी केलेली सवलत म्हणून ही व्यवस्था आली असती तर तो बोलला असता असे मला वाटत नाही.

त्या शाखेत एक गोष्ट मात्र बदलली नाही. विभागीय कार्यालयाचा आढावा कॉल संध्याकाळी सातलाच येत राहिला, कारण वरच्या साहेबांना दिवसभराचे आकडे त्याच दिवशी हवे होते. फलकावरच्या पाळ्या तेवढ्यापुरत्या मोडत आणि ज्या अधिकाऱ्यांना त्या कॉलवर हजर राहावे लागे त्यांचे सुटणे पुन्हा अनिश्चित होई. तो कॉल सकाळी साडेदहाला घ्यावा आणि त्यात आदल्या दिवसाचे आकडे पाहावेत, असे टिपण मी वर पाठवले होते. त्यासाठी खर्च नाही, नवी भरती नाही, कायद्यात दुरुस्तीही नाही. ज्या ज्या बँकेत, विमा कंपनीत आणि सरकारी कचेरीत असा सातचा कॉल आजही लागतो, तिथल्या कर्मचारी संघटनांनी पगारवाढीच्या मागण्यांबरोबर ही मागणीही लेखी द्यावी आणि ती महिला आघाडीच्या नावे न देता सर्वांच्या नावे द्यावी, एवढे मला त्यांना सांगायचे आहे.